भिंतीतला कापूस

२ मार्च, सोमवार

पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. रविवारच्या पुरवणीत मी इतकी वर्षं जे 'भरीत' वाढते आहे, त्या सदराचं त्यांना पुस्तक करायचंय. जुने लेख आहेतच, पण सात-आठ नवे, ताजे हवेत, आणि एप्रिल संपायच्या आत. नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर, म्हणजे कधीच नाही. "तुमच्या त्या जळगावच्या बायका बोलतात ना, अगदी तसं पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, बायका बोलत नाहीत, मी लिहिते. ते म्हणाले, हो हो, तेच.

लिहायचं कुठे, हा प्रश्न. वरच्या मजल्यावर हितेंद्रचा टीव्ही. यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून घसा बसतो म्हणून घरी बोलत नाहीत, टीव्हीला बोलू देतात. खाली तळघर. सासऱ्यांनी घर बांधताना ते खास उन्हाळ्यासाठी काढलं. जळगावात मार्चपासून माणसानं जमिनीखाली राहावं हे त्यांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. पण मार्च ते जून तिथे सासूबाईंचं राज्य असतं. गल्लीतल्या यच्चयावत बायका पोळपाट-लाटणी घेऊन दुपारी खाली उतरतात आणि पापड लाटतात. पापड हे निमित्त.

तळघर मोठं आहे. मध्ये भिंत घालायची ठरवली. एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला साहित्य.

हितेंद्र म्हणाले, "विटांची नको. ओल धरेल." हा त्यांचा या विषयावरचा शेवटचा शब्द. आईकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिमोट उचलला.

५ मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे लेख पाठवायचा दिवस. तळघराच्या कोपऱ्यात टेबल लावून बसले. समोर सहा-सात लाटणी आणि तितकीच तोंडं. विचार करणं अशक्य.

आज भागाबाई बोलत होती. ही आमच्या समोरची, रावेरकडची. हिला गोष्ट सांगताना पापड लाटता येत नाही, म्हणून ती पापड लाटतच नाही. आमच्याच गल्लीतला तो 'भावी नगरसेवक'. गेली कित्येक वर्षं प्रत्येक वाढदिवसाला स्वतःचं फ्लेक्स लावतो. या वर्षीचं वाऱ्यानं पडलं, ते भागाबाईनं उचलून गच्चीवर अंथरलं आणि त्याच्यावर कुरडया घातल्या.

"त्याच्या तोंडावरच घातल्या व पुष्पाक्का. मिशीवर एक, कपाळावर दोन!"

यावर पुष्पाक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, "बरं व्हयनं. पहिलीदाव कोना तरी कामले उना."

मग हशा. मग सासूबाईंचं नेहमीचं: "आखो सांग भागाबाई. जोरमा सांग." की भागाबाई पुन्हा पहिल्यापासून, दुप्पट आवाजात. प्रत्येक गोष्ट दोनदा. सासूबाई अमळनेरच्या, सत्तरी ओलांडलेल्या. अहिराणी सोडून दुसरं बोलत नाहीत, आणि 'आखो', म्हणजे 'पुन्हा', हा त्यांचा आवडता शब्द. कान गेलेत त्यांचे, दुसरं काय. डॉक्टरांना दाखवायला हवं.

एवढ्या गोंगाटातही लेख संध्याकाळी झाला. कसा झाला, माझं मला नवल.

८ मार्च, रविवार

लेख छापून आला: फ्लेक्सवरच्या कुरडया. सकाळपासून फोन. धुळ्याहून माझ्या भावाचा, चोपड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा, आणि एका खऱ्याखुऱ्या नगरसेवकाचा, त्याला वाटलं त्याच्यावर आहे. सगळ्यांना शेवटचं वाक्य आवडलं: 'चला, पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आला.' मला ते अंघोळ करताना सुचलं. अशी वाक्यं सुचतात, विचार करून येत नाहीत.

पुरवणी मात्र पुन्हा घरातून गायब. दर रविवारी होतं हे. पापडांखाली घालत असणार. आपलं साहित्य शेवटी उडदाच्या डाळीलाच चिकटायचं.

१० मार्च, मंगळवार

नवीन आला. म्हणजे नवीन नावाचा ठेकेदार. पूर्वी फक्त छताचं काम करायचा, आता 'वॉल सोल्यूशन' करतो. म्हणाला, "मॅडम, पत्र्याचा सांगाडा करू. खाली पट्टी, वर पट्टी, मध्ये उभे खांब, दोन्ही अंगांनी जिप्समचे बोर्ड. ठोकून बघा, विटांची विसरून जाल." मी विचारलं, "आवाज?" तो म्हणाला, "रॉकवूल भरू ना आत. तिकडे बाँब फुटला तरी इकडे तुम्हाला उद्याच्या पेपरातच कळेल."

मग त्यानं तिपाईवर यंत्र ठेवून बटण दाबलं आणि तळघराच्या फरशीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाल उजेडाची एक रेघ उमटली. बायका पापड टाकून बघायला आल्या. गंमत अशी की ओलांडताना प्रत्येकीनं पाय उचलून टाकला, लुगडं सावरून, जणू उंबरठाच आहे. नुसता उजेड होता. भागाबाई तर दोनदा जाऊन आली.

सासूबाईंनी नाही ओलांडली. काठाशी उभ्या राहून नवीनला म्हणाल्या, "भाऊ, आठे एक खिडकी ठेव."

"खिडकी काबरं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"वारा येई."

तळघरात कसला वारा! यांना माझ्यावर लक्ष ठेवायचंय. मी नवीनला सांगितलं, खिडकी नाही. एक दरवाजा, तोही जाडजूड. सासूबाई आपल्या पाटावर जाऊन बसल्या. त्यांचा पाट रेघेला लागूनच आहे, असायचाच. एवढं मोठं तळघर, पण त्यांना बसायला माझ्या टेबलाजवळचीच जागा लागते.

१४ मार्च, शनिवार

सांगाडा उभा राहिला. दोन दिवस भोकं पाडण्याचा आवाज. त्याच्यापुढे बायकांचा सूर म्हणजे अंगाई. खाली फरशीला पट्टी, वर स्लॅबला पट्टी, मध्ये चकचकीत खांब. आणि आज नवीनचा फोन, साल्याचं लग्न आहे, मग साडूच्या घरी वास्तुशांत, मग "बघतो मॅडम". बोर्ड घरात येऊन पडलेत, माणूस नाही.

आता मी खांबांच्या या बाजूला आणि बायका त्या बाजूला. कोण तुरुंगात आहे, ते कळत नाही. सासूबाईंनी पहिल्याच दुपारी एका खांबाला ओला पंचा वाळत घातला. भागाबाई दोन खांबांमधून चहा देते आणि म्हणते, "घ्या कैदी नंबर एक."

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

गुढी उभारून खाली आले. सणाचा दिवस, तरी बायका हजर. आज भागाबाईच्या पुतणीच्या सासरची गोष्ट. जावयानं लग्नात एसी मागून घेतला. गावात दुपारी वीजच नसते. रात्री येते तेव्हा पुतणीची सासू एसी लावते, पण आत कोणी बसत नाही. बाहेरच्या डब्यातून गरम वारा येतो ना, त्याच्यापुढे खाट टाकून शेवया वाळवतात.

"मंग जावई कुठी बसते?" कुणीतरी विचारलं.

"तोही वायतोय बाहेरच," भागाबाई म्हणाली. तिच्याकडे 'वाळतोय'चं 'वायतोय' होतं.

आमच्या सासूबाई यावर म्हणाल्या, "एसी दिधा बापनी, सुख व्हयनं शेवयासले, पोरगीले नही." हे मात्र हसून नाही म्हणाल्या. मग पुन्हा, "आखो सांग भागाबाई, पहिलेपासून."

एका बैठकीत दोन लेख झाले. दोन! हा भिंतीचा गुण. नुसता सांगाडा उभा राहिला तर लेखणी अशी चालते, भिंत पुरी झाल्यावर काय होईल!

२७ मार्च, शुक्रवार

नवीन लग्नांतून सुटला. आज एका अंगाचे बोर्ड बसवून त्यानं खांबांच्या पोकळीत रॉकवूलच्या गाद्या कोंबायला सुरुवात केली. पिवळट, केसाळ. बायका पुन्हा गोळा झाल्या. कापसाच्या मुलखातल्या बायका. एकीनं हात लावून धागा ओढून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

सासूबाईंनी मला विचारलं, "हाऊ कापूस कसाले?"

म्हटलं, आवाज येऊ नये म्हणून.

मग म्हणाल्या, "कापूस कानमा घालतस, भितमा नही. कानमाना काढता येस."

पुढच्या रविवारी वापरायला चांगलं आहे. टिपून ठेवते. कुठे बसवायचं ते मात्र सुचत नाही.

३० मार्च, सोमवार

भिंत पूर्ण. सांधे भरले, पुट्टी घासली, पांढरा रंग दिला. दरवाजा लावून बसले आणि काहीही ऐकू आलं नाही. माझ्या घड्याळाला आवाज आहे हे मला आज कळलं.

टेबल आवरलं. पेनांत शाई भरली. जुनी पत्रं लावली. उद्यापासून लेखन.

२ एप्रिल, गुरुवार

लेखाचा विषय: शांतता. माणसाला अंतर्मुख होण्याची गरज वगैरे. स्वतःच्या मनाशी संवाद. दुपारी पाठवून दिला.

५ एप्रिल, रविवार

फोन एकच, संपादकांचा. "ताई, विषय जरा गंभीर झाला का?" मी म्हटलं, लेखक वाढतो. ते म्हणाले, हो, वाढतो, पण पुरवणीत जागा तेवढीच आहे.

आज पुरवणी दुपारीच टेबलावर परत आलेली होती. तीन दिवस तिथेच पडून राहील असं दिसतंय.

८ एप्रिल, बुधवार

सासूबाई हल्ली बोलत नाहीत. जेवायला बसतात, उठतात. काही विचारलं तर मान हलवतात. म्हटलं, कान आणखी गेले. आज कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, बारीक बारीक आवाज ऐकवले. कागद बघून म्हणाले, "यांचं ऐकणं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही. घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, तीही ओरडून. डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "काय आजी, काही त्रास?"

"माले काही तरास नही. तिले इचारा."

डॉक्टर हसले. यंत्र बिघडलेलं असणार. हल्ली सगळं चीनहून येतं. रिक्षात मी विचारलं, "मग आई, बोलत का नाही?"

"भित शे ती," त्या म्हणाल्या. "भितले काय बोलनं?"

११ एप्रिल, शनिवार

लिहिलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

दुपारी पाणी घ्यायला दरवाजा उघडून पलीकडे गेले, तर तळघराचा तो अर्धा भाग रिकामा. पोळपाट नाहीत, सतरंजी घडी करून ठेवलेली. कळलं की मंडळी गेल्या आठवड्यापासूनच भागाबाईच्या ओट्यावर हिरवं कापड बांधून तिथे बसतात, त्रेचाळीस अंशांत. मी कुणाला जा म्हटलेलं नव्हतं.

आणि संध्याकाळी सासूबाईंनी पिशवी भरली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते म्हणाल्या. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, हे मला माहीत आहे. पण या वयात? मी लग्न होऊन आल्यापासून त्या एकदाही गेलेल्या नाहीत. हितेंद्र त्यांना एसटीत बसवून आले.

"परत कधी येणार म्हणाल्या?"

"म्हणाली, घेवाले कोन्ही उनं तं येसू."

नव्या नवरीसारखं! सासरहून कुणी घ्यायला गेल्याशिवाय येणार नाही. मला हसू आलं. हितेंद्रना नाही आलं.

१६ एप्रिल, गुरुवार

संपादकांना जुना लेख पाठवला, तीन वर्षांपूर्वीचा. त्यांनी ओळखला नाही. किंवा ओळखला.

१९ एप्रिल, रविवार, आखाजी

सांजोऱ्या मी केल्या, आम्ही दोघांनी खाल्ल्या. हितेंद्र म्हणाले, "चांगल्या झाल्यात," आणि दुसरी घेतली नाही. समोरच्या गल्लीत झोका बांधलाय, गाणी चालली होती. ऐकायला तळघरातून वर यावं लागलं.

प्रकाशकांचा फोन. नवे लेख कुठवर आले? मी म्हटलं, खोली झाली आहे. ते म्हणाले, अभिनंदन, पण लेख? पाडव्याचे दोन पाठवून दिले. रात्री त्यांचा निरोप, 'हे झकास! बाकीचेही असेच येऊ द्या. महिनाअखेर लक्षात आहे ना?'

असेच. खाली जाऊन पाडव्याचे दोन्ही लेख पुन्हा वाचले. माझं अक्षर, माझी भाषा. शेवयांचं आणि पोरीचं ते वाक्य वाचलं आणि पान उलटं करून ठेवलं.

२१ एप्रिल, मंगळवार

हितेंद्रनी विचारलं, "आईला आणायला मी जाऊ?" मी म्हटलं, तुमचं दुकान आहे, मी जाते. तसंही मला अमळनेरचं तेल आणायचं होतं.

दुपारच्या गाडीनं गेले. सासूबाईंचे धाकटे भाऊ, अभिमनमामा, ओट्यावर बसलेले. मला बघून आत हाक मारली, "अक्का, तुले घेवाले उनी व!"

मामांनी पाणी दिलं आणि सरळ विषयालाच हात घातला. त्यांचं बोलणं अर्धं कॉलेजचं, अर्धं घरचं.

"हेमांगी, तुझे लेख हल्ली फिके होतात. अक्का म्हनस, मीठ कमी शे."

"त्या कधी वाचतात?"

"वाचत नही. ऐकते. दर रविवारी पुरवणी घेऊन गच्चीवर जाते, हितेंद्रला सांगते, फोन लाव आणि वाच. तो वाचतो, ती आणि मी दोघं ऐकतो. मी इकडून, ती तिकडून. वर्षं झालीत याला. कुरडईवाला लेख तर तिनं दोनदा वाचायला लावला. शेवटचं वाक्य आलं की म्हने, अभिमन, हाई मनं शे. माझं आहे हे."

मी पाणी प्यायले. आणखी मागितलं.

"मी विचारलं, मग नाव कोणाचं छापतात? तर म्हने, नाव तिनं, बोलनं मनं. तिले लिखता येस, माले बोलता येस."

तेवढ्यात मागच्या अंगणातल्या भिंतीपलीकडून शेजारच्या घरातल्या दोन बाया कुजबुजू लागल्या. मला तर नुसती खुसफुस ऐकू आली. आतून सासूबाई एकदम म्हणाल्या, "अभिमन, शेजारनीनी सून बँकमा लागनी."

त्या बाहेर आल्या. पिशवी भरलेली होती, हातातच होती. म्हणजे वाट बघत होत्या, की अशीच भरून ठेवलेली असते, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "आई, भिंतीत खिडकी करायची आहे. कुठे करू?"

त्यांनी विचार केल्यासारखं केलं.

"मी बसस तठे."

गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि जळगाव येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं भांडण ऐकत राहिल्या. मध्येच एकदा माझ्या हाताला कोपरानं ढोसलं, म्हणजे आता ऐक. मी आजवर त्या ढोसण्याला गाडीचे धक्के समजत होते.

तेल राहिलं.

२५ एप्रिल, शनिवार

नवीनला बोलावलं. त्याचं तोंड उतरलं. "मॅडम, झालेल्या कामाला भोक? आधी सांगितलं असतं तर..."

"आधी सांगितलं होतं," सासूबाईंनी त्याला शुद्ध मराठीत ऐकवलं. मी त्यांच्या तोंडून अशी मराठी पहिल्यांदा ऐकली.

दोन खांबांच्या मध्ये जेवढी जागा, तेवढीच खिडकी होईल म्हणाला, खांब कापायचा नाही. अरुंद, उभी, पोस्टाच्या खिडकीसारखी झाली. आतला रॉकवूल ओढून काढताना सगळीकडे धूळ. सासूबाईंनी एक गोळा चिमटीत धरला आणि मला दाखवला, "घालू का आते कानमा?" भागाबाई हसून हसून खाली बसली. सरकती काच लावली आहे. कडी माझ्या बाजूला बसवत होता. मी म्हटलं, कडीच नको.

२८ एप्रिल, मंगळवार

बायका कालच परत आल्या. पोळपाट, सतरंजी, गोंगाट. सासूबाईंचा पाट बरोबर खिडकीखाली. माझं टेबल बरोबर खिडकीच्या या बाजूला. आम्ही एकमेकींकडे बघत नाही. तिघी जणी एकाच वेळी बोलतात तेव्हा मी कागदावर बोट आपटते, त्या लगेच, "एकेक जन बोला व, बठ्ठ्या एकदम नका बोलू!" असं दटावतात. काल दोन लेख, आज दोन.

प्रकाशकांना कळवलं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक नाव घालायचं आहे. त्यांनी विचारलं, 'अर्पण' का? मी म्हटलं, नाही. माझ्या नावाच्या शेजारी.

३० एप्रिल, गुरुवार

शेवटचा लेख उरलाय आणि दिवसही आजचाच. दुपारी टेबलाशी बसले. काच बाजूला सारलेली. पलीकडे भागाबाईनं एका लग्नाची गोष्ट सुरू केली, वरात, घोडा, घोड्यावर बसायला घाबरलेला नवरदेव. ती भिंतीकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे अर्धी गोष्ट माझ्यापर्यंत पोचेना. मी मान वर केली.

"भागाबाई," सासूबाईंचा आवाज आला, "इकडे तोंड कर. आखो सांग, पहिलेपासून. जोरमा."

भागाबाई वळली. मी पेनाचं टोपण काढलं.

कानाच्या डॉक्टरांचं यंत्र बिघडलेलं नव्हतं, एवढं इथे नोंदवून ठेवते. बाकीचं आता लेखात, घोडा निघालाय.